निखिलचा निर्णय निखिललाच घेऊ दे, पण अंधारात नको

ताई, नमस्कार.

मी कोथरूडला राहतो, हिंजवडीला नोकरी करतो. माझा शाळेपासूनचा मित्र निखिल (नाव बदललं आहे) २०२१ साली एमएस करायला टेक्सासला गेला. शिक्षण झालं, ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ काम करायच्या परवानगीवर, नोकरी लागली, मग कंपनीने माणसं कमी केली त्यात ती गेली. त्यानंतर तो एका कन्सल्टन्सीच्या कागदावर होता, प्रत्यक्षात काम काहीच नव्हतं. गेल्या आठवड्यात सकाळी इमिग्रेशनवाल्यांनी त्याला बिल्डिंगच्या पार्किंगमधून उचललं. हे त्याच्या रूममेटने कळवलं. परवा रात्री अडीच वाजता निखिलचा स्वतःचा फोन आला. म्हणाला, "इथे सगळे सह्या करून परत जातायत, मीही करून टाकतो. आई-बाबांना काही सांगू नकोस, बाबांची बायपास झालीय." एवढ्यात फोन कट झाला.

इकडे काका-काकू मला विचारतायत की निखिलचा फोन का लागत नाही. 'कामात असेल' म्हणून मी वेळ मारून नेतोय. एक एजंट अडीच लाख मागतोय. म्हणतो, असायलमची, म्हणजे आश्रय मागायची, फाइल करू, आपली तिथे ओळख आहे. ग्रुपमधले काही जण म्हणतात, सोशल मीडियावर टाक, मंत्र्यांना टॅग कर. रूममेट एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे, तो घाबरून आता माझेही फोन उचलत नाही. इतक्या लांबून मी खरंच काही करू शकतो का?

– अनिकेत, कोथरूड

अनिकेत,

हे उत्तर तुला मेलने आधीच पाठवलं आहे, कारण अशा पत्राला सदराच्या वाराची वाट बघत ठेवता येत नाही. इथे पुन्हा देतेय ते इतरांसाठी. पुण्यात ज्यांची मुलं, भाचे, मित्र तिकडे आहेत अशी घरं थोडी नाहीत, आणि ही वेळ आल्यावर पहिले दोन-तीन दिवस काय करायचं हेच कुणाला सुचत नाही.

तू करू शकतोस, आणि बरंच काही. पण आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. तिथे राहून लढायचं की परत यायचं, हे निखिल ठरवणार. तू नाही, त्याचे बाबा नाहीत, तुमचा ग्रुप तर नाहीच. तो निर्णय त्याला सगळी माहिती हातात असताना घेता यावा, त्याच्या बाजूने कुणीतरी कायदा समजणारं उभं असावं, आणि घरचे आपल्यामागे आहेत हे त्याला ठाऊक असावं, एवढी सोय करणं तुझ्याकडे. एवढं जरी झालं तरी खूप झालं.

आता त्या सहीबद्दल. निखिल कुठल्या कागदाबद्दल बोलत होता हे तुला माहीत नाही, आणि मला वाटतं त्यालाही नीट माहीत नसावं. आत पुढे केले जाणारे कागद थकलेल्या माणसाला सगळे सारखेच दिसतात, परिणाम मात्र फार वेगळे असतात. एका प्रकारच्या कागदावर सही केली की माणूस न्यायाधीशापुढे जायचा हक्क सोडतो आणि त्याच्या नावावर रिमूव्हलची ऑर्डर निघते, म्हणजे आपण ज्याला डिपोर्टेशन म्हणतो ते. न्यायाधीशाची अशी ऑर्डर घेऊन बाहेर पडलेल्याला साधारण दहा वर्षं अमेरिकेत परत जाता येत नाही. पुढे दुसऱ्या देशाचा व्हिसा मागताना फॉर्मवर 'तुम्हाला कुठल्या देशातून काढलं होतं का' असा प्रश्न असतो, तिथे 'हो' लिहावं लागतं. दुसरा एक मार्ग असतो, व्हॉलंटरी डिपार्चर. त्यातही माणूस परतच येतो, बहुतेक वेळा आतूनच थेट विमानात बसवतात, तिकिटाचा खर्चही आपला. पण रिमूव्हलची ऑर्डर मागे लागत नाही. म्हणजे तेच विमान, तोच मुंबईचा विमानतळ, आणि तरी पुढच्या दहा वर्षांचा फरक.

याशिवाय बेकायदा राहिल्याचे दिवस मोजून जी बंदी लागते ती आणखी वेगळी. १८० दिवसांच्या वर गेले तर तीन वर्षं, एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा. मात्र विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांचे हे दिवस कधीपासून मोजायचे याचे नियम निराळे आहेत आणि बरेचदा ते विद्यार्थ्याच्या सोयीचे असतात. हे गणित तू रात्री जागून इंटरनेटवर करत बसू नकोस, ते वकिलाचं काम आहे. निखिल व्हिसावर रीतसर आत गेलेला आहे. अशा माणसाला साधारणपणे इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडायचा हक्क असतो. तो हक्क वापरायचा की नाही हे नंतर ठरवता येईल. एकदा सहीने सोडला की परत मिळवणं फार अवघड.

त्याचा फोन पुन्हा येईल. आपल्याला आत फोन लावता येत नाही, तिथूनच बाहेर लावतात. म्हणून रात्री फोन चालू ठेव, आवाज मोठा ठेव, परदेशी अनोळखी नंबर उचल. बरेचदा आधी रेकॉर्ड केलेला इंग्रजी आवाज येतो आणि कॉल घ्यायला एखादा आकडा दाबायला सांगतो. फसवणुकीचा कॉल समजून कट करू नकोस. उशाशी कागद-पेन असू दे आणि काय विचारायचं ते आधीच लिहून ठेव, कारण त्याचा आवाज ऐकला की तुला काही आठवणार नाही. मी असं लिहीन: ए-नंबर (इमिग्रेशनच्या नोंदीतला त्याचा क्रमांक) काय? सेंटरचं नाव काय? कशावर सही केलीस का? 'नोटीस टू अपिअर' नावाचा, इमिग्रेशन कोर्टात हजर राहायला सांगणारा कागद दिलाय का, त्यावर तारीख आहे का? तब्येत, औषधं? मग त्याला एवढंच सांग: "वकील भेटेपर्यंत कशावरही सही करू नकोस. 'मला वकिलाशी बोलायचंय' आणि 'मला भारतीय कॉन्सुलेटशी बोलायचंय' हे दोन्ही रोज सांग, लेखी मागता आलं तर लेखी माग." 'तू काळजी करू नकोस' वगैरे शेवटी, वेळ उरला तर.

आणि त्या कन्सल्टन्सीबद्दल फोनवर एक अक्षर बोलायचं नाही. डिटेन्शन सेंटरमधले फोन रेकॉर्ड होतात, वकिलाशी खास व्यवस्था करून केलेला कॉल तेवढा वेगळा. आपण मराठीत बोलतोय, कुणाला कळणार, असं समजू नका. ती गोष्ट त्याने वकिलाला सांगायची, पूर्ण आणि खरी. मित्रांच्या ग्रुपमध्येही तिची चर्चा नको. 'आमच्या कंपनीच्या लेटरहेडवर मागच्या तारखेचं पत्र देऊ का' असा विचार तुझ्या किंवा कुणाच्या मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. खोटा कागद सापडला तर आज जे स्टेटस गेल्याचं प्रकरण आहे ते फसवणुकीचं होईल, आणि तुझीही नोकरी जाईल.

तो कुठे आहे हे आजच शोधता येतं. आइस, म्हणजे त्यांचं इमिग्रेशन अंमलबजावणी खातं, यांच्या संकेतस्थळावर डिटेनी लोकेटर आहे. ए-नंबर आणि जन्माचा देश टाकला की माणूस कुठल्या सेंटरमध्ये आहे ते दिसतं. ए-नंबर तुला निखिलच्या फोनची वाट न बघताही मिळू शकेल. ओपीटीवर काम करायला जे प्लास्टिकचं कार्ड मिळतं त्यावर 'यूएससीआयएस नंबर' असतो, नऊ आकडी, तोच ए-नंबर. निखिलने त्या कार्डाचा फोटो कधी ना कधी घरी किंवा तुला पाठवला असेलच, कार्ड आलं की सगळेच पाठवतात. जुने चॅट, जुने मेल चाळ. नाहीच मिळाला तर नाव, जन्मदेश आणि जन्मतारीख टाकून शोधता येतं, पण तिथे आपल्या मराठी नावांची पंचाईत होते. नाव त्यांच्या नोंदीशी तंतोतंत जुळावं लागतं आणि आपल्या पासपोर्टवर बरेचदा मुलाचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. म्हणून नुसतं निखिल आणि आडनाव, मग निखिलसह वडिलांचं नाव आणि आडनाव, मग दोन्ही नावं जोडून, असं प्रत्येक पद्धतीने बघ. नोंद दिसायला एक-दोन दिवस लागू शकतात. आणि रोज बघ, कारण न सांगता एका सेंटरमधून दुसऱ्यात, अगदी दुसऱ्या राज्यातही हलवतात. ए-नंबर हातात आला की इमिग्रेशन कोर्टाच्या वेगळ्या संकेतस्थळावर सुनावणीची तारीख पडली आहे का तेही कळतं. हे कोर्ट आइसच्या हाताखाली नसतं, ते त्यांच्या न्याय खात्याचं, त्यामुळे दोन्हीकडे वेगवेगळं बघावं लागतं.

मग कॉन्सुलेट. टेक्सास ह्यूस्टनच्या भारतीय कॉन्सुलेटकडे येतं. ह्यूस्टन आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे त्यांची सकाळ ही तुझी ऑफिसातून घरी आल्यानंतरची वेळ, तुला ते सोयीचंच आहे. एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. १९६३च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे परदेशात अटक झालेल्याला आपल्या देशाच्या कॉन्सुलेटला कळवा असं म्हणायचा हक्क आहे. पण काही देशांचे नागरिक पकडले तर अमेरिकेला त्या देशाला आपणहून कळवावंच लागतं, आणि त्या यादीत चीन आहे, ब्रिटन आहे, भारत नाही. भारतीय माणसाने स्वतः मागितलं तरच कळवतात. म्हणून ते वाक्य रोज म्हणायला सांगितलं. आतून कॉन्सुलेटला फुकट फोन करायची सोय असते, हेही त्याला सांग.

तू इकडून दोन गोष्टी कर. कॉन्सुलेटला मेल कर: पूर्ण नाव पासपोर्टवर आहे तसं, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, ए-नंबर, सेंटर, कधी आणि कुठून नेलं, घरच्यांचा फोन. दहा ओळींत संपव. आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदव. २०१५ पासून ते चालू आहे, परदेशात अडकलेल्यांसाठीच आहे, नोंदणी क्रमांक मिळतो आणि पुढे प्रत्येक मेलमध्ये तोच क्रमांक टाकायचा. पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसात खेटे घालू नकोस, त्यांचा यात काही संबंध नाही. खासदारांचं पत्र मिळत असेल तर घ्या, ते मंत्रालयात फाइल पुढे सरकायला उपयोगी पडतं, एवढीच त्याची ताकद.

कॉन्सुलेटकडून काय अपेक्षा ठेवायची तेही सांगते, नाहीतर उगीच संताप होतो. ते त्याला सोडवून आणू शकत नाहीत. कोर्टात त्याची बाजू लढवत नाहीत. ते त्याच्याशी बोलू शकतात, त्याची तब्येत विचारू शकतात, वकिलांची यादी देऊ शकतात, पासपोर्ट नसला किंवा संपलेला असला तर परत यायला इमर्जन्सी सर्टिफिकेट देऊ शकतात. अगदी अडचणीत असलेल्यांना कायदेशीर मदतीसाठी आणि तिकिटासाठी भारतीय दूतावासांकडे २००९ पासून एक कल्याण निधीही आहे. तो सगळ्यांना मिळत नाही, परिस्थिती बघून देतात, पण विचारायला हरकत नाही.

वकिलाचं जरा सविस्तर सांगते. फौजदारी खटल्यात अमेरिकेत सरकार वकील देतं, इमिग्रेशन कोर्टात देत नाही. वकील करायचा हक्क आहे, खर्च आपला. तिथल्या कोर्ट प्रशासनाची फुकट किंवा कमी पैशांत काम करणाऱ्या संस्थांची यादी असते, राज्याप्रमाणे आणि कोर्टाप्रमाणे, ती आधी बघ. अमेरिकन इमिग्रेशन लॉयर्स असोसिएशनच्या संकेतस्थळावरूनही वकील शोधता येतात. इमिग्रेशन हा तिथे केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे वकिलाचं लायसन्स टेक्सासचंच हवं असं नाही. पण कुठल्या तरी राज्याच्या बार असोसिएशनकडे ते आहे आणि चालू आहे, हे स्वतः तपास. ते ऑनलाइन दिसतं, पाच मिनिटांचं काम. बोलताना त्याला एक प्रश्न नक्की विचार: डिटेन्शनमधल्या किती केसेस तुम्ही चालवल्या आहेत? एच-वन-बीचे अर्ज भरण्यात हुशार असलेला वकील इथे उपयोगाचा असेलच असं नाही. फी काय, त्यात काय काय येतं, बाँडची, म्हणजे जामिनाची, सुनावणी त्यात आहे की वेगळी, हे लेखी घ्या.

आता तो एजंट. अनिकेत, त्याला एक रुपया देऊ नकोस. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे वकील उभा राहतो, किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या संस्थेचा प्रतिनिधी. पुण्यात बसून काम करणारा कन्सल्टंट उभा राहत नाही, 'ओळख' नावाची तर काही पद्धतच तिथे नाही. आणि असायलमचं जे तो सांगतोय ते नुसतं निरुपयोगी नाही, घातक आहे. असायलम हा छळाच्या भीतीने पळून आलेल्यांसाठीचा आसरा आहे. अर्ज साधारणपणे अमेरिकेत आल्यापासून एका वर्षात करायचा असतो, काही अपवाद सोडले तर. निखिल २०२१ साली गेला. त्याला इथे कुणी छळलेलं नाही. रचलेल्या कहाणीचा अर्ज केला आणि न्यायाधीशाने तो जाणूनबुजून खोटा ठरवला, तर इमिग्रेशनचे फायदे त्याला कायमचे बंद होतात, दहा वर्षांसाठी नाही. ज्यांना खरोखर आसऱ्याची गरज आहे त्यांच्याही वाटेत अशा खोट्या फायली येतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता काका-काकू. तू विचारलं नाहीस, पण तुझ्या पत्रात सगळ्यात जड तेच आहे.

त्यांना सांग. उद्या सांग. निखिलने 'नको' म्हटलंय हे मी वाचलं, आणि वर मीच म्हटलं की निर्णय त्याचा. केसचे निर्णय त्याचेच. पण आई-बाबांपासून त्यांच्या मुलाचा ठावठिकाणा लपवायला त्याने तुला सांगितलं ते बाबांच्या छातीच्या काळजीने आणि स्वतःच्या शरमेने, दोन मिनिटांत. शांतपणे विचार करायला वेळ मिळाला असता तर त्याने तेच सांगितलं असतं, असं मला वाटत नाही. मुलाचा फोन आठवडाभर बंद आहे आणि त्याचा मित्र नजर चुकवतोय, हे काकांच्या तब्येतीला चांगलं आहे का? त्यांना एव्हाना अपघातापासून काय काय सुचलं असेल. त्याच्या शिक्षणाचे, पासपोर्टचे, आय-ट्वेंटीचे (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) कागद त्यांच्या कपाटात आहेत. वकिलाचे पैसे इथून कायदेशीर मार्गाने पाठवायचे तर बँकेतून आरबीआयच्या योजनेखाली, पॅन आणि ए-टू फॉर्म भरून जातात, आणि ते आई-वडिलांनी पाठवणं तू पाठवण्यापेक्षा कितीतरी सरळ. कॉन्सुलेटही घरच्यांशी जितकं मोकळं बोलेल तितकं मित्राशी बोलणार नाही. उद्याच्या आत निखिलचा फोन आलाच तर त्याला सांग, "मी काकांना सांगतोय." परवानगी मागू नकोस, सांग. चिडला तर चिडू दे.

कसं सांगायचं? फोनवर नको, संध्याकाळीही नको. सकाळी जा, काकांचा नाश्ता आणि गोळ्या झाल्यावर. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना आदल्या दिवशी कल्पना दे, शक्य असेल तर त्यांनाच बरोबर ने, नाहीतर काकूंच्या भावाबहिणीपैकी कुणी शांत माणूस. दारातून आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य हे: "निखिल सुखरूप आहे, माझं त्याच्याशी बोलणं झालंय." मग बस. मग सांग की व्हिसाचं स्टेटस गेल्यामुळे त्याला इमिग्रेशनने ठेवून घेतलंय, त्याने चोरी-मारामारी केलेली नाही, हा फौजदारी गुन्हा म्हणून चाललेला खटला नाही. मग आतापर्यंत तू काय काय केलंस ते, मदद पोर्टलचा क्रमांक दाखवून. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेलं ते लष्करी विमान, १०४ माणसं, हातापायात बेड्या, हे सगळं त्यांनी टीव्हीवर बघितलंय, आणि त्यात तीन जण महाराष्ट्रातले होते हेही पेपरात आलं होतं. तेच चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे येणार. त्यांना सांग की त्यातले बहुतेक सीमेवरून कागदपत्रांशिवाय आत शिरलेले होते आणि निखिल व्हिसा घेऊन गेला होता, म्हणून त्याचे मार्ग वेगळे आहेत. पण 'त्याच्याशी असं काहीच होणार नाही' असं वचन देऊ नकोस. नेताना-आणताना बेड्या घालतात, त्यालाही घातल्या असतील. विचारलं तर खरं सांग. काकू रडतील. त्यांना रडू दे, लगेच पुढच्या कामाचं बोलू नकोस.

बाहेर ठेवून केस चालवायची तर बाँड भरावा लागतो. रक्कम कायद्याने निदान १,५०० डॉलर, प्रत्यक्षात बहुतेक वेळा कितीतरी जास्त. ती पूर्ण भरावी लागते आणि माणूस सगळ्या तारखांना हजर राहिला तर शेवटी परत मिळते. भरणारा तिथला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो, म्हणून एखादे मामा-काका, कॉलेजचे सीनिअर, स्थानिक महाराष्ट्र मंडळातलं कुणी, अशी नावं आत्ताच काढून ठेव. कुणाला बाँड मिळू शकतो यावर २०२५ पासून तिथल्या कोर्टांमध्ये मोठी भांडणं चालू आहेत. पण व्हिसावर आत आलेल्याची बाजू त्यात बरी धरली जाते. वकिलाला पहिल्याच कॉलमध्ये हे विचार, कारण त्याला दुसऱ्या राज्यात हलवायच्या आत अर्ज गेला तर बरं.

सोशल मीडिया नको. तुझ्या मित्रांचा हेतू चांगला आहे, मला शंका नाही. पण पोस्ट एकदा गेली की त्यातलं 'कन्सल्टन्सी'बद्दल कुणाच्या तरी कॉमेंटमध्ये येणार, ती पोस्ट त्याच्या वकिलाला निस्तरावी लागणार, आणि पाच वर्षांनी निखिल पुण्यात मुलाखतीला गेला तर नाव शोधल्यावर पहिली तीच दिसणार. मदद पोर्टलवर नोंद करून, पुन्हा पुन्हा मेल करूनही काहीच हललं नाही, तर निखिलला विचारून, वकिलाला दाखवून, मग बघा. ग्रुपला काम हवं असेल तर द्या: एकाने रोज लोकेटर बघायचा, एकाने वकिलांची यादी फोनवरून गाळायची, एकाने काकूंना बँकेत न्यायचं. निखिलच्या बाजूने कॉन्सुलेटशी आणि वकिलाशी बोलणारा माणूस मात्र एकच असू दे, तू किंवा त्याच्या घरचं कुणी. चौघांनी चार मेल केले की चार वेगळ्या जन्मतारखा जातात. एक वही कर, साधी. तारीख, वेळ, कुणाशी बोललो, काय म्हणाले, पुढे काय. वकील बदलायची वेळ आली तर ती वही सोन्याची.

बँकेचंही लक्षात ठेव. शैक्षणिक कर्ज असेल, काका त्यात सहकर्जदार असतील आणि हप्ते निखिलच्या खात्यातून जात असतील, तर ते आता थांबणार. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं आणि मग बँकेचं बोलणं बदलतं. त्याआधीच शाखेत जाऊन मॅनेजरला भेटा, हप्ते पुन्हा बसवून मागा. कारण 'नोकरी गेली' एवढं पुरतं, बाकी सांगायची गरज नाही.

राहिला रूममेट. त्याच्यावर चिडू नकोस. त्याचंही सगळं आयुष्य त्या एका एच-वन-बीवर टांगलेलं आहे आणि त्याने स्वतःच्या डोळ्यांनी मित्राला नेताना बघितलंय. त्याला सेंटरवर जा म्हणू नकोस, बाँड भर तर म्हणूच नकोस. कॉल करत राहण्यापेक्षा एक मेसेज टाक, त्यात फक्त घरात बसून होणारी कामं: निखिलचा पासपोर्ट खोलीत आहे का बघ आणि नीट ठेव, पण वकील सांगेपर्यंत कुणाला देऊ नकोस. आय-ट्वेंटी, आय-नाइंटीफोर (अमेरिकेत आल्याची नोंद), ओपीटीचं कार्ड, पगाराच्या खऱ्या स्लिपा, यांचे फोटो पाठव. लॅपटॉप बंद करून ठेव. त्याच्या वाट्याचं भाडं किती आणि कधी द्यायचं ते कळव, इकडून पाठवतो. याला तो उत्तर देईल असं मला वाटतं. भाड्याचा मुद्दा आधी लिही.

– ताई